लोणारचं गुलाबी पाणी आणि उजेडाचा खटका

अर्धापुरात येऊन आम्ही केळीवर न बोलता सूक्ष्मजीवांवर बोलणार, हे ऐकून काही जण गालात हसले. पण मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांनी लोणार पाहिलंय. जून २०२० मध्ये त्या सरोवराचं हिरवट पाणी बघता बघता गुलाबी झालं आणि नाना तर्क सुरू झाले. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या नीरीत तपासले गेले. पाणी आटलं होतं, खारेपणा वाढला होता आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया फोफावले होते.

या कुळाशी माणसाची ओळख जुनीच. खारवलेली मासळी लाल पडून नासते, ती यांच्यामुळे. तो तांबडेपणा मुख्यतः गाजरातल्या रंगाच्या भाईबंदाचा. पण यांच्यातल्या हॅलोबॅक्टेरियमच्या आवरणात जांभळे तुकडेही सापडले. १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी दाखवलं, की त्या जांभळ्या प्रथिनात रेटिनल आहे. रेटिनल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं रूप, तोवर प्राण्यांच्या डोळ्यांतलं म्हणून माहीत असलेलं! त्यांनी नाव ठेवलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. पुढे १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी या जीवांची शाखाच बॅक्टेरियांहून वेगळी काढली. नाव मात्र तसंच चिकटून राहिलं.

हे प्रथिन उजेडाच्या बळावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं. म्हणजे पंपच. इथे उजेड हे इंधन.

१९८२ मध्ये रॉबर्टो बोगोमोल्नी आणि जॉन स्पुडिच यांनी त्याच जीवात दुसरं प्रथिन दाखवलं. ते उजेडाची खबर देतं. पुढे आणखी एक सापडलं, निळ्या उजेडापासून पळ काढायला लावणारं. काम कसं चालतं पाहा. प्रथिनाच्या सात नागमोडी दांड्या पेशीच्या आवरणात उभ्या असतात, मधल्या पोकळीत रेटिनल. उजेड पडला की सरळ असलेलं रेटिनल एका जोडापाशी वाकतं. (आपल्या डोळ्यात उलट, वाकडं असलेलं सरळ होतं.) त्या धक्क्यानं सहावी दांडी बाहेर कलते. शेजारी चिकटलेल्या निरोप्या प्रथिनाची दांडी तेवढीच जराशी फिरते. तो पीळ पेशीत खालपर्यंत पोचतो, तिथलं एक विकर जागं होतं आणि शेपट्यांची फिरण्याची दिशा उलटते. जीव मागे वळतो.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. स्टार्टरचं बटन दाबायला बोटाचा जोर पुरतो. मोटार त्या जोरावर चालत नसते. इथे उजेड फक्त बटन दाबतो. शेपट्यांना लागणारी ताकद पेशीची स्वतःची.

खरी गंमत पुढेच आहे, बरं का. हा निरोप्या काढून घेतला, की खबर देणारं प्रथिन चक्क प्रोटॉन ढकलू लागतं, पंप बनतं! आणि २००६ मध्ये युकी सुडो आणि स्पुडिच यांनी उलटा प्रयोग केला: मूळच्या पंपात फक्त तीन अमिनो आम्लं बदलली, निरोप्याशी गाठ घालून दिली, आणि पंप खबर देऊ लागला.

इथे आम्ही अडकलो. वैशेषिक दर्शन शिकवताना गुण द्रव्याच्या आश्रयानं राहतो, असं आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. मग ‘खबर देणं’ कुठल्या द्रव्यात ठेवायचं? प्रथिन तेच, रेटिनल तेच, वाकणंही जवळपास तेच. शेजारी कोण उभा आहे, यावर ते वाकणं संदेश ठरतं की मजुरी. आम्ही संयोगाला दुय्यम मानत आलो, ते फार घाईचं होतं, असं आता वाटतं. एखादा विद्यार्थी तेव्हा उठून विचारता, तर आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

२००२ मध्ये या जोडगोळीची रचना स्फटिकातून स्पष्ट दिसली. ती ज्या जीवातली, तो नॅट्रोनोमोनास मूळचा इजिप्तमधल्या क्षारतळ्यांतला. लोणारसारखंच अल्कधर्मी, डोळ्यांना झोंबणारं पाणी.