भूकंपाची लाट किल्लारीहून सोलापूरला किती सेकंदांत येते? तरंगांचं साधं विज्ञान

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती 6.2. सुमारे 10 हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं जमीनदोस्त झाली. हादरा सोलापुरातही जाणवला.

किल्लारी ते सोलापूर हे सरळ रेषेतलं अंतर साधारण 85 किलोमीटर. मग किल्लारीची जमीन हलल्यावर सोलापूरची जमीन का हलली? किल्लारीची माती काही इथवर आली नव्हती. आली ती फक्त ऊर्जा, आणि ती आणणाऱ्या वाहकाचं नाव तरंग.

तरंग म्हणजे नेमकं काय?

सिद्धेश्वर तलावात खडा टाकला की गोल लाटा काठापर्यंत पोहोचतात. पण पाण्यावर तरंगणारं पान मात्र जवळपास जागच्या जागी वरखाली होतं. म्हणजे पाणी काठाकडे वाहत नाही, हालचाल पुढे सरकते. माध्यमाचे कण आपल्या जागेभोवती हलतात आणि ऊर्जा पुढच्या कणाकडे देतात. माध्यम पाणी असो, हवा असो की खडक, तत्त्व हेच.

तरंग मोजायचा कसा?

कोणत्याही तरंगाची ओळख या गोष्टींवरून पटते:

• आयाम: कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती सरकतो. आयाम दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.
• तरंगलांबी: एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर.
• वारंवारता: एका सेकंदात किती कंपनं होतात. एकक हर्ट्झ.
• आवर्तकाल: एका कंपनाला लागणारा वेळ. 2 हर्ट्झ वारंवारता असेल तर आवर्तकाल अर्धा सेकंद.
• वेग: तरंग एका सेकंदात किती अंतर कापतो.

यांना जोडणारं सूत्र सोपं आहे: वेग = वारंवारता × तरंगलांबी. खडकातून सेकंदाला 3,500 मीटर वेगाने जाणाऱ्या 2 हर्ट्झच्या तरंगाची लांबी भरते 1,750 मीटर, म्हणजे पावणेदोन किलोमीटर!

आधी धक्का, मग हेलकावा

भूकंपात जमिनीच्या पोटातून दोन प्रकारचे तरंग निघतात. पहिले प्राथमिक तरंग. यात खडकाचे कण तरंगाच्याच दिशेने मागेपुढे दाबले जातात. ध्वनीसारखे हे अनुतरंग. कवचाच्या खडकात त्यांचा वेग सेकंदाला साधारण 6 किलोमीटर. दुसरे दुय्यम तरंग. यात कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात, म्हणून हे अवतरंग. त्यांचा वेग साधारण साडेतीन किलोमीटर.

आता गणित करू. 85 किलोमीटर अंतराला प्राथमिक तरंगांना सुमारे 14 सेकंद लागतात, तर दुय्यम तरंगांना सुमारे 24. मधे उरतात 10 सेकंद. आधी हलका धक्का आणि नंतर जोरदार हेलकावे जाणवतात ते यामुळेच.

हाच फरक शास्त्रज्ञांची मोजपट्टी आहे. दोन्ही तरंगांमधले सेकंद गुणिले 8 केलं की भूकंपाचं अंतर अंदाजे किलोमीटरमध्ये मिळतं. अशी तीन केंद्रांवरून तीन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात, तिथे भूकंपाचं केंद्र.

6 आणि 7 मध्ये फरक फक्त 1 चा नाही

भूकंपाच्या मापनात 1 अंक वाढला की नोंदलेल्या तरंगाचा आयाम 10 पट होतो आणि ऊर्जा सुमारे 32 पट. केंद्रापासून दूर जाताना मात्र ऊर्जा पसरत आणि खडकात जिरत जाते. म्हणून किल्लारीत गावं पडली, तर सोलापुरात तसा विध्वंस झाला नाही.

मग माणसं कशाने गेली?

किल्लारीचा भूकंप उथळ होता, त्यामुळे तरंग फारसे न विरता वर आले. वर होती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्या जड माळवदाची घरं. आडव्या हेलकाव्यात भिंतीतले दगड सुटले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं.

जमिनीचाही हात असतो. कठीण खडकातून मऊ मातीच्या थरात शिरल्यावर तरंगाचा वेग कमी होतो. वारंवारता तीच राहते, म्हणून तरंगलांबी घटते आणि आयाम वाढतो. खडकावरच्या घरापेक्षा जाड काळ्या मातीवरचं घर जास्त हलू शकतं ते यामुळे.

जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटचं काय?

प्रत्येक इमारतीचा स्वतःचा आवर्तकाल असतो. ढोबळ हिशेब असा: दर मजल्याला 0.1 सेकंद. चार मजली इमारत साधारण 0.4 सेकंदात एक हेलकावा घेते, म्हणजे अडीच हर्ट्झ. जमिनीचे तरंग याच वारंवारतेचे आले तर झोका योग्य वेळी ढकलल्यासारखं होतं आणि हेलकावे वाढत जातात. याला अनुनाद म्हणतात. म्हणूनच पाया, कॉलम-बीमचे जोड आणि त्यातलं लोखंड हे भूकंपरोधक नियमांप्रमाणे असावं लागतं. फ्लॅट घेताना टाइल्सआधी हे विचारावं.

ते 10 सेकंद कामाचे आहेत

मोबाइलचा संदेश भूकंपाच्या तरंगापेक्षा कितीतरी वेगाने जातो. केंद्राजवळ पहिला तरंग टिपून दूरच्या लोकांना सावध करणारी यंत्रणा याच फरकावर चालते. भारतात अँड्रॉइड फोनवर अशी सूचना देणारी सोय 2023 मध्ये सुरू झाली. केंद्राजवळच्या लोकांना तिचा फायदा कमी, कारण तिथे दोन्ही तरंग जवळपास एकदमच पोहोचतात. दूरच्यांना मात्र काही सेकंद मिळू शकतात.

तेवढ्या वेळात जिना उतरून होत नाही. पण खाली बसणं, मजबूत टेबलाखाली डोकं झाकणं आणि हेलकावे थांबेपर्यंत टेबल घट्ट धरून ठेवणं नक्की जमतं. फोनच्या सेटिंगमध्ये ही सूचना चालू आहे का, तेवढं आजच पाहून ठेवा.