झाशीचा वेढा (१८५८) : स्त्रियांचा सहभाग

सर ह्यू रोज याची ब्रिटिश फौज २१ मार्च १८५८ रोजी झाशीसमोर आली आणि ३ एप्रिलला शिड्या लावून तटावर चढली. मधले दोन आठवडे शहर लढत राहिले. त्यात स्त्रियांच्या श्रमांचा वाटा मोठा होता. राणी लक्ष्मीबाईंच्या तेजापुढे तो कुणाच्या ध्यानात राहिला नाही.

याची सर्वांत भक्कम साक्ष शत्रूची आहे. स्त्रिया मोर्च्यांवर काम करताना व दारूगोळा वाहताना दिसल्याचे रोजने अहवालात लिहिले. मद्रास सॅपर्सचा डॉक्टर टॉमस लो याने बायकामुले तटाची पडझड सावरण्यास हातभार लावत असल्याची आणि लढणाऱ्यांना पाणी पोचवत असल्याची नोंद केली. हे काम दुय्यम नव्हते. त्या काळच्या तोफेची नळी दर बारानंतर ओल्या बोळ्याने पुसावी लागे, नाहीतर उरलेल्या ठिणगीने नवी दारू पेट घेई. पाणी, दारू आणि गोळे वर पोचले नाहीत तर उत्तम गोलंदाजही हतबल होई. वेढ्यात बुरूज टिकला तो या वाहतुकीवर.

मराठी साक्षीदार विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक वेढ्याच्या वेळी झाशीत होता. शहर पडल्यावरची कत्तल, लूट आणि विहिरींत उड्या टाकणाऱ्या बायका त्याच्या ‘माझा प्रवास’मध्ये येतात. ही हकीकत वाचली ती कल्याणमुळे. या गावचे चिंतामण विनायक वैद्य यांनी ती गोडशांकडून लिहवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, फेरफार करून छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती द. वा. पोतदारांनी १९६६ साली काढली.

नावांचा प्रश्न वेगळा आहे. झलकारी, सुंदर, मुंदर, काशी ही नावे मुख्यतः बुंदेली लोकपरंपरेतून आणि वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीतून घरोघरी पोचली. कोरी समाजातील झलकारीबाईंवर २००१ साली टपाल तिकीट निघाले. झाशीच्या किल्ल्यात गोलंदाज गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष यांच्याजवळ मोतीबाईंची मजार दाखवली जाते.

परंपरेतील नावे आणि कागदावरचे काम यांची सरमिसळ करू नये. पण नावे दंतकथेत गेली म्हणून कामही दंतकथा ठरवणे हा उघड अन्याय आहे. तटावर दारूगोळा वाहणाऱ्या या स्त्रिया झाशीच्या सैन्याचाच भाग होत्या आणि १८५७-५८ च्या इतिहासात त्यांची गणना सैनिकांतच व्हायला हवी.