तुरेवाला, कलगीवाला आणि बिननावाचा

काही वर्षांपूर्वी एल.टी.सी. घेऊन आम्ही उज्जैन-इंदूरला गेलो होतो. महाकाल झाला, राजवाडा झाला, सराफ्यातली खाऊगल्लीही झाली. एक दिवस शिल्लक होता म्हणून गाडी करून देपालपूरच्या बाजूला निघालो. होळकरांच्या मुलखातलं हे तालुक्याचं गाव. बघण्यासारखं फार काही नाही, पण आमच्या ड्रायव्हरची सासुरवाडी तिकडची. त्याने वाटेत एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या डोक्यात अजून घर करून आहे.

देपालपूर तालुक्यात गौतमपुरा नावाचं गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, त्यांच्या नावावरून ते पडलं असं सांगतात. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी 'हिंगोट युद्ध' होतं. हिंगोट म्हणजे आपल्या हिंगणाचं फळ. ते वाळवून पोखरायचं, आत दारू भरायची, बांबूची काडी बांधायची आणि पेटवून समोरच्यावर सोडायचं. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात पेटतं हिंगोट. दरवर्षी माणसं भाजतात, तरी मैदान भरतं. हे सगळं वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. पण ड्रायव्हरने दोन्ही बाजूंची नावं सांगितली तेव्हा मी सीटवर सरसावून बसलो. गौतमपुऱ्याची बाजू 'तुर्रा' आणि समोरच्या रुणजी गावाची बाजू 'कलंगी'!

अहो, हा तर आपला कलगी-तुरा!

तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांची कथा शाहिरी परंपरेत सांगितली जाते. दोघांचा वाद एका राजाच्या दरबारात रंगला. राजाने खूष होऊन एकाला पागोट्याचा तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. एकाचं निशाण भगवं, दुसऱ्याचं हिरवं. माळव्यापासून महाराष्ट्रापर्यंत या दोन पक्षांचे फड उभे राहिले. आपल्या शेजारच्या रत्नागिरीत गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचे सामने अजून रात्र रात्र चालतात. जाखडी नाचणारी पोरं, मध्ये ढोलकीवाला, आणि एका शाहिराने टाकलेला सवाल दुसऱ्याने तिथल्या तिथे सोडवायचा.

शिव मोठा की शक्ती मोठी, हा प्रश्न आज आपल्याला निरुपद्रवी वाटतो. पण देवधर्म हेच जिथे आयुष्य होतं तिथे गावासमोर उभं राहून 'तुझा देव माझ्या देवीशिवाय पांगळा' असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. तरी तो शाहीर म्हणायचा. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचा, गुरूचंही घालायचा. त्याची हिंमत कुठून येत असेल? मला वाटतं, समोर कलगीवाला आहे आणि तो उत्तर देणार आहे या खात्रीतून. वाद कितीही पेटला तरी फडाला नियम होता. सवाल टाकणाऱ्याला जवाब ऐकून घ्यावाच लागे.

पुढे छापखाना आला आणि हे समोरासमोर बसणं गेलं. १८४८ साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात भाऊ महाजनांनी एका लेखकाची पत्रं छापायला घेतली. दोनेक वर्षांत ती १०८ झाली, आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो. पेशवाई जाऊन जेमतेम तीस वर्षं झालेली, आणि हा माणूस पुण्याच्या ब्राह्मणांना त्यांच्या आळसाबद्दल, दक्षिणेवर जगण्याबद्दल, विधवांना दिलेल्या वागणुकीबद्दल झोडपत होता. सही काय? 'लोकहितवादी'. खरं नाव गोपाळ हरी देशमुख, स्वतः पुण्याचा ब्राह्मण, वय पंचविशीचं आणि नोकरी सरकारी!

मी स्वतः सरकारी कारकून. त्यामुळे हे टोपणनाव मला फार जवळचं वाटतं. आमच्या मानेवर १९६४ सालचे वर्तणूक नियम आहेत, त्यांच्या मानेवर कंपनी सरकार आणि पुण्याची जात दोन्ही होती. शाळेत आम्हाला शतपत्रं शिकवताना नाव लपवण्याचा हा मुद्दा कुणी काढला नाही. मला तो कमीपणाचा वाटत नाही. पण एक फरक पडला हे खरं. बिननावाच्या माणसाशी भांडताना लोक आधी 'हा कोण?' हे शोधतात. मुद्दा मागे राहतो.

नाव लावून लिहिलं की काय होतं तेही याच इतिहासात आहे. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला आणि पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. र. धों. कर्व्यांची संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवलं. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. १९३४चा खटला तर बघण्यासारखा आहे. गुन्हा काय, तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं! वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दोनशे रुपये दंड झालाच. कर्व्यांनी उत्तरं देणं थांबवलं नाही. सवाल आल्यावर जवाब न देणं त्यांना जमतच नसावं.

आणि आपल्या गोव्यात? सालाझारच्या काळात लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून तपासून आणावी लागे. माझे आजोबा घरातसुद्धा राजकारणावर बोलताना आवाज खाली करायचे. १९६१ नंतरही ती सवय गेली नाही. १९५४च्या फेब्रुवारीत म्हापशाच्या एका मेजवानीत डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी, गोवा पोर्तुगालचाच असं बोलणाऱ्याला भर सभेत 'मी निषेध करतो' एवढंच म्हटलं. त्यांना अटक झाली, पोर्तुगालला नेलं. त्या टेबलांवर बसलेल्या कितीजणांना मनातून तेच वाटत असेल! मनातल्या मनात सहमत असलेल्यांची ही शांतता असह्य झाली की माणूस बोलतो, असं मला वाटतं. शौर्य वगैरे शब्द आपण मागाहून लावतो.

आता माझं स्वतःचं. गायतोंड्यांच्या पंगतीत बसवण्याइतकं ते मोठं नाही, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी फेसबुकवर स्वतःच्या नावाने एक परिच्छेद लिहिला. १९८७च्या राजभाषा कायद्याने मराठीवर अन्याय झाला असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, मीही म्हणतो. पण त्या मोर्चांत गेलेल्या आपल्यापैकी किती जणांची मुलं मराठी शाळेत शिकली? माझा मुलगा शिकला नाही. कोकणीवाल्यांना दोष देण्याआधी हे कबूल करू या, एवढंच लिहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत खासगीत सतरा निरोप आले. 'बरं लिहिलंस', 'कुणीतरी म्हणायला हवं होतं'. उघड एकही नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जिन्यात गाठून सांगितलं, "अरे, निवृत्तीला वर्षं आहेत अजून. काढून टाक." रात्री मी ते काढलं. तीन दिवस झोप लागली नाही असं नाही, पण ते सतरा निरोप पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. एकाचीही माझ्या बाजूला उभं राहायची तयारी नव्हती आणि माझीही उरली नव्हती. चौथ्या दिवशी होतं तसं परत टाकलं.

पहिलं उघड उत्तर आलं ते एका निवृत्त मराठी शिक्षकांचं. माझं एकूण एक वाक्य खोडून काढलेलं. मराठी शाळा कशा बंद पडत गेल्या, शिक्षक कसे मिळेनासे झाले, पालकाच्या गळ्यात दोष घालणं कसं सोपं आहे, सगळं मुद्देसूद. खाली पूर्ण नाव आणि गाव. मी चहा करून घेतला आणि जवाब लिहायला बसलो. रात्रीचे दोन वाजले.