जंगल कुणाचे, नोंदवही कुणाची?

‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी कागदावर दिसला की आपण आधी विचारले पाहिजे: सहभाग कशात? खड्डे खणण्यात, की निर्णय घेण्यात? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या कोरड्या डोंगरी जंगलांचा इतिहास हाच प्रश्न विचारतो.

१७९४ साली स्पॅनिश राजवटीने तिथे सान मिगेल देल वादो या वसाहतीला जमीन दिली. ती मिळालेल्यांत काही हेनीसारो होते. हेनीसारो म्हणजे पकडून, विकून घरगडी बनवलेले आदिवासी आणि त्यांची संतती. सरहद्दीवरचे धोके अंगावर घ्यायला अशांना वसवले जाई. घर आणि शेत ज्याचे त्याचे. डोंगर, कुरण, जळण सगळ्यांचे, ही तिथली रीत. १८४८ च्या तहाने मुलूख अमेरिकेकडे गेला, तेव्हा मालमत्तेच्या रक्षणाची हमी मिळाली होती. तरी १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सामाईक जमीन गावाची नाही, सरकारची आहे. सुमारे ३ लाख १५ हजार एकरांच्या दाव्यातले जेमतेम ५ हजार एकर हाती उरले. अशा अनेक गावांच्या सामाईक जमिनी पुढे राष्ट्रीय वनांत गेल्या.

मालक बदलला, तसे जंगलही बदलले. पाँडेरोसा पाइनच्या या जंगलात दर काही वर्षांनी जमिनीलगत हलकी आग फिरे. काही आगी विजेच्या, काही आदिवासींनी जाणून लावलेल्या. जाड सालीची मोठी झाडे वाचत, गवत नव्याने येई. रेल्वे आल्यावर गुराढोरांचे मोठे कळप आले आणि गवत संपले. १९१० च्या प्रचंड वणव्यांनंतर वनखात्याने प्रत्येक आग विझवण्याचे धोरण धरले. परिणामी कोवळ्या झाडांची दाटी झाली आणि हलक्या आगीच्या जागी शेंडे जाळणारा वणवा आला.

२००० साली सरकारी यंत्रणेनेच लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोसमध्ये ४०० हून अधिक कुटुंबे बेघर झाली. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोसाठी सामुदायिक वनपुनरुज्जीवन कायदा झाला. वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत निधी. आदिवासी, स्थानिक समाज, पर्यावरणवादी आणि सरकार यांनी एकत्र काम करायचे, एकत्र मोजायचे आणि परिणाम चांगला झाला की वाईट, तेही लिहायचे. हे पाऊल मोठे होते, कारण तोवर मोजपट्टी फक्त खात्याच्या हातात होती.

पण जमीन परत मिळाली नाही, आणि अखेरचा शब्दही. २०२२ मध्ये त्याच सान मिगेल परगण्यात खात्याने लावलेली आग सुटली. जानेवारीत पेटवलेले फांद्यांचे ढीगही बर्फाखाली धुमसत राहिले होते. तीही आग तिला येऊन मिळाली. ३ लाख ४१ हजार एकर जळाले. राज्याच्या नोंदलेल्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा. कोरडेपणाचा अंदाज चुकला, हे खात्याच्याच आढाव्याने मान्य केले. निर्णय खात्याचा होता. घरे, कुरणे आणि पाट जळाले ते गावकऱ्यांचे.

मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचे? आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. पण त्याच कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना, त्यांत दलितही आले, तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांच्याकडेच पुरावा मागायचा!

सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव १९२३ मध्येच झाला होता. तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला चालून जावे लागले. ग्रामसभेचा अधिकारही आज तसाच कागदावर आहे. म्हणून आपल्या तरुणांनी गावाच्या जंगलाची नोंद स्वतः ठेवावी: झाड किती जगले, मजुरी कुणाला मिळाली, समितीत कोण बसले, कोण बाहेर उभे राहिले. सहभाग कुणीतरी देतो आणि काढूनही घेतो. हक्काचे तसे नसते, पण तो बजावावा लागतो.