कबड्डी आणि दूरचित्रवाणी करार

कबड्डीचे मोठे सामने कोणत्या संघांत, कोठे व केव्हा व्हावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार यजमान मंडळाकडून प्रक्षेपण हक्कधारकाकडे जाण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात ती २०१४ पासून स्पष्टपणे दिसू लागली.

तत्पूर्वीची रीत रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण, रोहा या तालुक्यांत अद्यापही टिकून आहे. भातकापणीनंतर, बहुधा ग्रामदैवताच्या उत्सवानिमित्त, मातीच्या क्रीडांगणावर रात्री विजेच्या झोतात सामने भरतात. यजमान मंडळ नामवंत संघांना निमंत्रण देते, रोख पारितोषिक व चषक ठेवते. बाद पद्धतीमुळे तुल्यबळ संघांना एकमेकांस टाळता येत नाही. पावसाळ्यात मात्र खेळ थांबतो. क्रीडांगणावर चिखल असतो आणि गावकरी लावणीत गुंतलेले असतात.

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी, म्हणजे नेमक्या याच दिवसांत झाला. बंदिस्त प्रेक्षागार व कृत्रिम चटई यांमुळे हे शक्य झाले. हंगाम शेतीच्या नव्हे, तर वाहिनीच्या वेळापत्रकाशी जुळविलेला होता. चढाईस ३० सेकंदांची मर्यादा होती, आणि लागोपाठ दोन निष्फळ चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद ठरे. त्यामुळे रेंगाळणारा खेळ पडद्यासाठी वेगवान झाला. २०१५ मध्ये स्टार इंडियाने लीगची चालक कंपनी मशाल स्पोर्ट्स हिचे ७४ टक्के भाग घेतले. प्रक्षेपकच बहुसंख्य मालक झाल्याने २०२१ ते २०२५ या काळातील पाच हंगामांच्या हक्कांच्या लिलावात एकच संस्था विक्रेती आणि बोली लावणारीही होती. हे हक्क सु. ९०८ कोटी रुपयांना स्टारकडेच राहिले. खेळाडूंचा लाभ निर्विवाद आहे. २०१४ च्या लिलावात सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये ती २ कोटी ६० लाखांवर गेली.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम मुष्टियुद्धाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. अमेरिकेत हेवीवेट गटातील अग्रगण्य मुष्टियोद्धे निरनिराळ्या वाहिन्यांशी करारबद्ध असल्याने त्यांच्या लढती वर्षानुवर्षे रखडत आल्या आहेत. लेनक्स लूइस एचबीओशी, तर माइक टायसन शोटाइमशी बांधलेला होता. दोन्ही वाहिन्यांनी संयुक्त प्रक्षेपण मान्य केल्यावरच ८ जून २००२ रोजी मेम्फिस येथे त्यांची लढत झाली. आठव्या फेरीत लूइस विजयी झाला. परंतु तोवर दोघांचीही पस्तिशी उलटली होती आणि टायसनचा बहर केव्हाच ओसरला होता. टायसन फ्यूरी व डीऑन्टे वाइल्डर यांच्या २०२० मधील दुसऱ्या लढतीसाठीही ईएसपीएन व फॉक्स या प्रतिस्पर्धी वाहिन्यांना एकत्र यावे लागले.

कबड्डीत एका वाहिनीच्या एकाच लीगमुळे हा पेच प्रथम उद्भवला नाही. संघटनेत फूट पडताच तो उभा राहिला. न्यू कबड्डी फेडरेशनच्या पाठबळाने मे २०१९ मध्ये पुण्यात दुसरी लीग सुरू झाली आणि तिचे सामने वेगळ्या वाहिनीवर दाखविले गेले. पुण्याचे पुणेरी पलटण व पुणे प्राइड, मुंबईचे यू मुंबा व मुंबई चे राजे असे दोन-दोन संघ झाले. पण एकाच शहराच्या या संघांची गाठ कधी पडली नाही. उत्सवातील स्पर्धेत असे संघ एका रात्रीत समोरासमोर आले असते.

स्त्रियांच्या कबड्डीच्या बाबतीत हे परावलंबन अधिक जाणवते. २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामास जोडून तीन संघांची महिला स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर २४–२३ असा अवघ्या एका गुणाने विजय मिळविला. पुढील वर्षी पुरुषांच्या लीगमधील संघ आठांवरून बारा करण्यात आले आणि हंगाम सु. तीन महिन्यांचा झाला. महिलांची ही स्पर्धा मात्र पुन्हा भरली नाही.