मृगदाव : राजाच्या शिकारवनातून धम्मभूमीकडे

वाराणसीजवळचे सारनाथ म्हणजेच प्राचीन इसिपतन मृगदाव. निग्रोधमिग जातकानुसार इथे राजाच्या शिकारीसाठी हरणे कोंडली जात. गाभण हरिणीऐवजी मृगराजाने स्वतःची मान पुढे केली, तेव्हा राजाने सर्व प्राण्यांना अभय दिले. याच वनात तथागतांनी पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश दिला. सम्राट अशोकाने इथे सिंहस्तंभ उभारला.

१७९४ मध्ये जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामाच्या विटांसाठी धर्मराजिक स्तूप पाडला. १९०४-०५ च्या उत्खननात सिंहशीर्ष सापडले; १९५० मध्ये ते भारताची राजमुद्रा झाले. धमेक स्तूप आजही उभा आहे.

इतिहास विसरला की स्तूपाच्याही विटा होतात. म्हणून आपण सारनाथला जाताना हा इतिहास वाचून जाऊ आणि परतल्यावर वस्तीतल्या मुलांना सांगू.