पेनच्या वनांतील ओढे

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्यानें इ. स. १६८१ मध्यें विल्यम पेन ह्यास अमेरिकेंतील एक विस्तीर्ण अरण्य सनद देऊन बहाल केलें. पेनच्या वडिलांचें राजाकडे येणें होतें. तें अशा रीतीनें फिटलें. तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मूळ लोकांस कोणी विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच. श्रोत्यांच्या परिचयाच्या 'पेनसिल्व्हेनिया' ह्या नांवाचा अर्थच मुळीं 'पेनचें वन' असा आहे.

वसाहतवाल्यांनीं हें वन तोडून शेतें केलीं. धान्य दळावयास, लांकूड कापावयास, लोखंड ठोकावयास पाण्याची शक्ति हवी. म्हणून ओढ्याओढ्यांवर ८ ते १२ फूट उंचीचे बांध उभे राहिले. १८४० च्या खानेसुमारींत पूर्व अमेरिकेंत अशा पाणगिरण्या ६५,००० हून अधिक भरल्या. उघड्या पडलेल्या टेंकड्यांवरची माती पावसाबरोबर येई आणि बांधामागील संथ पाण्यांत निमूटपणें बसे.

पुढें वाफेचें यंत्र आलें, गिरण्या ओस पडल्या, बांध फुटले. मोकळा झालेला ओढा साचलेला गाळ कापीत खालीं उतरला व दोहों बाजूंस मातीचे उभे काठ राहिले. ते पाहून पुढील पिढ्यांस वाटलें कीं, उंच काठांमधून नागमोडी जाणें हाच ओढ्याचा स्वभाव होय. विसाव्या शतकाच्या मध्यास नद्यांच्या वळणांचे जे नियम शास्त्रज्ञांनीं बसविले, त्यांतील कांहीं निरीक्षणें अशाच ओढ्यांवरील होतीं!

ह्या समजुतीस धक्का दिला तो लँकेस्टर येथील फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजांतील रॉबर्ट वॉल्टर व डॉरथी मेरिट्स ह्या भूशास्त्रज्ञांनीं. हे काठ म्हणजे गिरण्यांच्या तळ्यांतील गाळच होय, असें त्यांनीं २००८ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत दाखविलें. त्या गाळाची जाडी ३ फुटांपासून १५ फुटांपर्यंत होती. त्याखालीं काळी पाणथळ माती सांपडली. तींत लांकडाचे तुकडे होते, लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींचें बी होतें. म्हणजे मूळचा ओढा एका खोल पात्रांतून धांवत नसे. लहान लहान उथळ शाखांनीं तो दलदलींतून झिरपत जाई.

लँकेस्टरजवळचा बिग स्प्रिंग रन हा ओढा खासगी शेतजमिनींतून जातो. त्याचें पाणी अखेर चेसापीक उपसागरास मिळतें, आणि जातांना ढासळत्या काठांची माती घेऊन जातें. काठास दगड बसवावे, झाडें लावावीं, हा नेहमींचा उपाय. पण काठच उपरा, तर तो सांभाळावयाचा कशासाठीं? म्हणून २०११ सालीं तेथून हजारों टन गाळ यंत्रांनीं उपसून नेण्यांत आला, खोरें जुन्या काळ्या मातीच्या पातळीस उतरविण्यांत आलें आणि पाणथळ जागेंतील वनस्पती लावण्यांत आल्या. ओढ्याची मोजणी आधींपासूनच चालू होती. पाण्याबरोबर खालीं जाणारा गाळ पुढें पुष्कळ घटला.

जेथें बांध कधीं नव्हतेच, त्या खोऱ्यांस हा निष्कर्ष लावूं नये, असा कांहीं तज्ज्ञांचा आक्षेप आहे, व तो रास्त आहे. म्हणून उपसा करण्यापूर्वीं प्रत्येक ठिकाणीं काठ खणून खालची माती पाहावी लागते.